खुर्चीवरचं लोखंड

भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या घरात कचरा वेगळा करत होते. हातातली बाटली धुवायची की तशीच टाकायची, तेही कळेना... दीड महिना झाला, अजून धड काही कळत नाही.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. तरुणपणी जपानला आले ते इथलेच झाले. समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या, दोन-तीन माणसांच्या छोट्या पाणबुड्या तेव्हा नुकत्या बनू लागल्या होत्या. त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या एकीचे आराखडे भावजींच्या हातचे. मी सातवी पास, मला त्यातलं काय कळणार? पण कावासाकीला त्यांच्या घरी गेलं की दारातच वजनकाटा. "वहिनी, आधी वजन, मग चहा!" आणि आकडा लगेच वहीत. "अहो, मला बघायला आले तेव्हाही कुणी वजन विचारलं नव्हतं!" म्हटलं की खो खो हसायचे. मग समजावायचे, की पाणबुडीत बसणाऱ्याचं जेवणाच्या डब्यासकट वजन करायचं असतं. कुणी ऐन वेळी आलं नाही, तर त्याच्या जागेवर तेवढंच लोखंड ठेवायचं, नाहीतर पाणबुडी कलते.

ती पाणबुडी चालवायचे साइतो-सान. ते खाली, आणि भावजी वर जहाजावर, कानाला फोन लावून. "तो वर येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नसे," म्हणायचे. निवृत्तीनंतर साइतो-सान उत्तरेला, समुद्राकाठच्या आपल्या गावी गेले. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर ती लाट आली... साइतो-सान सापडलेच नाहीत.

भावजींनी किती कचेऱ्यांत फोन केले! मला खाली जाऊ द्या, शोधू द्या. सगळे अदबीनं ऐकून घ्यायचे आणि अदबीनंच नाही म्हणायचे. त्यांची पाणबुडी तर केव्हाच मोडीत निघालेली. मला म्हणाले, "वहिनी, जन्मभर खोल जायची यंत्रं केली. आणि माझा माणूस किनाऱ्यापाशी हरवलाय..." मी वरणभात पुढे केला. तोही तसाच राहिला.

पुढच्या वेळी मी कावासाकीला गेले, तर साइतो-सान जेवायला बसायचे त्या खुर्चीवर लोखंडी गोळ्यांच्या पिशव्या रचलेल्या. "त्रेसष्ट किलो," भावजी म्हणाले, "त्याचं वजन." त्यानंतर ती खुर्ची कुणी हलवली नाही.

परवा मी आणि माझा मुलगा ते घर रिकामं करायला गेलो. तो म्हणाला, "आई, हे लोखंड कुठल्या कचऱ्यात जातं गं?" मी एक पिशवी उचलायला गेले, तर जागची हलेना. "अगं, कंबर धरेल!" म्हणत त्यानं ती उचलली, आणि उभाच राहिला. समोर भावजींची खुर्ची मोकळी. तिच्याकडे बघत म्हणाला, "काकांच्या जागी किती ठेवू?"

मी वही काढली. साइतो-सानचं वजन आहे, माझं आहे, ह्याचं आहे, डब्यांचीसुद्धा आहेत. भावजींचं कुठेच नाही. ते स्वतः कधी खाली गेलेच नव्हते ना... शेवटी शेवटी तर किती वाळले होते. मी पानं उलटत राहिले. मुलगा पिशवी धरून उभा होता, आणि मला आकडा सांगता येईना.