सोड्याच्या पाण्यात ओतायचं राहिलं

कॉलेजातली मुलं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या साहाय्यकांना लुकासकाका म्हणत. अल्कोहोल ओळखायचं लुकासचं द्रावण त्यांच्याइतकं चोख कुणालाच जमत नसे, प्राध्यापकांनाही नाही. आणि हे ते प्राध्यापकांच्या तोंडावर सांगत. माणूस भला, पण जिभेला हाड नाही. तीन वर्षांपूर्वी एकुलत्या एका लेकीने आपल्या मनाने लग्न ठरवलं, तेव्हा हे म्हणाले, "मग या घरात पाऊल ठेवू नकोस."

"तुम्ही बोलवाल तेव्हाच येईन," म्हणून ती निघून गेली. बोलवायला काय जात होतं? पण काका अडून बसले आणि आतल्या आत झुरत राहिले.

परीक्षेच्या आदल्या दुपारी कपाटात पाणी झिरपून तीन बाटल्यांची लेबलं सुटली. काकांनी तिन्हींचे थेंब लुकासच्या द्रावणात टाकले. पहिली नळी लगेच गढूळ झाली. दुसरीने पाच मिनिटं घेतली. तिसरी ढिम्म. म्हणजे तिसऱ्या बाटलीत या द्रावणाला दाद न देणारं प्राथमिक अल्कोहोल, बहुतेक अमाईल. खात्री करायची तर ॲसेटिक आम्ल घालून तापवायचं. पिकल्या केळ्याचा वास आला की अमाईलच.

शाळा सुटली की लेक इथेच यायची. स्टुलावर चढायची आणि हट्ट धरायची, "बाबा, केळं करा ना!" तो वास आला की टाळ्या पिटायची.

त्यांनी अल्कोहोल आणि आम्ल मिसळलं, तीव्र आम्लाचे दोन थेंब घातले, नळी गरम पाण्यात धरली. हाताने वारा घालून वास घेतला. नुसता व्हिनेगरचा उग्र दर्प. पुन्हा केलं. पुन्हा तेच. नाकही गेलं की काय? ती गेली, आता तिचा तो वासही गेला. कधी नव्हे तो हात खिशातल्या फोनकडे गेला.

"बाबा?" पलीकडे लेक दचकलीच.

"केळ्याचा वास येत नाहीये गं."

मग ती म्हणाली, "सोड्याच्या पाण्यात ओतलंत?"

काकांनी टेबलाकडे पाहिलं. चंचुपात्र काढलंच नव्हतं. ओतायचं काम कायम तिचं. हे नळी तिच्या हातात देत आणि बाजूला होत. इतक्या वर्षांत ती पायरी त्यांनी स्वतः केलीच नव्हती.

"उरलेलं आम्ल मारल्याशिवाय कसा येईल वास?" ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना?"

फोन कानाशी धरूनच काकांनी पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवला आणि नळी ओतली. फसफसलं. आणि अख्ख्या खोलीभर केळं.

"आला?"

"आला," काका म्हणाले. "चुकलं माझं, पोरी. घरी ये."

तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"आधी बाटलीला लेबल लावा," ती म्हणाली. "मी निघालेच."