शेंगांचा वानवळा
गावाकडच्या माणसानं सकाळी माती लागलेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणून दिली, आणि मी ती घेऊन दारातच बसले. आमच्याकडे याला वानवळा म्हणतात. वानगी म्हणजे नमुना, त्यावरूनच शब्द आला असावा, असं आपलं मला वाटतं. नवं पीक निघालं की आधी लेकींना, शेजाऱ्यांना थोडं पाठवायचं, मग घरच्यांनी खायचं. दादा दरवर्षी पाठवायचा. यंदा दादा नाही, तेव्हा माहेर संपलं असं मी धरूनच चालले होते.

भाचेसुनेला फोन केला. म्हटलं, "अगं, एवढ्या कशाला? पोरांना ठेवायच्यास."

"पोरं केव्हाची टपून बसलीत, आत्या. तुम्ही खा लवकर, म्हणजे त्यांना देते."

फोन कानाला धरूनच मी शेंग फोडली.