ठोकमामांचा कान

ठोकमामा कोणाच्या घरी गेले की दार वाजवत नसत, दार तपासत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाकवून ते फळीवर वर, मध्ये आणि खाली असे ठोके द्यायचे, मान तिरकी करायचे, आणि आतून कोणी "कोण आहे?" असं ओरडलं तर त्यालाच दटावायचे, "थांब रे, ऐकू दे!" मग आत आल्यावर पाणी मागायच्याही आधी सांगायचे, "खालची फळी गेलीय. वाळवी. पाहून घ्या." झाशीच्या नगरा मोहल्ल्यातल्या आम्हा मूठभर मराठी घरांना त्यांच्या येण्याचा आनंद व्हायचा, पण तो जरा बिचकत बिचकत.

माझ्या बायकोचे, सुमनचे, ते सख्खे मामा. उभी नोकरी झाशीच्या स्टेशनात गाड्या तपासण्यात गेली. गाडी येऊन थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाक न् चाक ठोकत जायचं. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं आणि वाजत राहतं. तडा गेलेलं वाजत नाही. मामा मात्र "वाजत नाही" असं कधी म्हणत नसत. "गिळलं," म्हणत. चाक बोललं तर गाडी सोडा, ठोका गिळला तर डबा काढा. रिटायर झाल्यावर हातोडी सरकारजमा झाली, पण बोटाचं पेर त्यांनी जमा केलं नाही. माठ, भोपळे, पलंगाचे पाय, शेजाऱ्याची नवी सायकल, काही सुटायचं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी भर बैठकीत माझ्या टाळक्यावर टकटक केलं होतं. ते घरचं सगळं मराठीत बोलायचे आणि निकाल तेवढा हिंदीत द्यायचे. माझा निकाल होता, "माल हल्का है, पर पास है." सुमन आजही भांडणात तो काढते.

एकदा मी त्यांना सदर बाजारात जिलबी खायला घेऊन गेलो. हलवाई ओळखीचा, तुपावर पोसलेला, हसला की गल्ला हलायचा. मामांनी सवयीने त्याच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, बोटाचं पेर मारलं. आणि हात असा मागे घेतला, जसा तापल्या कढईला लागला असावा. जिलबी न घेताच निघाले. मी वाटभर विचारत होतो, काय झालं? ते म्हणाले, "सायकल नीट धर." त्या होळीला हलवायाचं दुकान बंद होतं, आणि नंतर उघडलं ते त्याच्या भावाने. ही गोष्ट मी मोठ्या चवीने सगळ्यांना सांगितली. मामा माझ्यावर चिडले. "अरे, साठी उलटलेला, तुपात बुडालेला माणूस, त्यात माझं काय?" पण तेव्हापासून चार माणसांत असले की त्यांचा उजवा हात खिशात असायचा, आणि माणसंही त्यांना पाठ दाखवून बसायची नाहीत.

आता माझ्या जमिनीकडे येतो. आमच्या हेडक्लार्कांच्या घरी चिप्सची, म्हणजे मोझॅकची, जमीन झाली, पांढरी, हिरव्या-काळ्या खड्यांची, आरशासारखी, आणि माझं सुख गेलं. आमच्या घरात वडिलांच्या वेळची काँक्रीटची जमीन होती. इतकी जुनी, की तिच्यावरच्या तेलाच्या डागांना आम्ही नावं दिली होती. मला वाटलं, जुन्या जमिनीवर नवी घालायची म्हणजे जुनी आधी स्वच्छ धुवायची. म्हणून मी एका रविवारी साबणाची पूड टाकून सगळं घर घासलं. फेस अंगणातून गल्लीत गेला. हल्के नावाचा मिस्त्री काम बघायला आला तो उंबऱ्यावर उभा राहून हसू लागला. "बाबूजी, जमीन खों नहलावने नइयां, छीलने है!"

मग त्याने समजावलं. गुळगुळीत जुन्या थरावर नवा थर धरत नाही, पापडासारखा सुटतो. म्हणून टाकीने सगळीकडे टाचे मारून जमीन खरबरीत करायची, तेलाचे डाग तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, पाण्याने काढायचे, आणि जिथे जुनं काँक्रीट खालच्या भरावापासून सुटून पोकळ झालं असेल तिथे ते फोडून नव्याने भरायचं. एवढं झालं की मग चिप्स. मी म्हटलं, टाचे तर मीच मारतो. पहिला टाचा जमिनीला लागला, दुसरा माझ्या अंगठ्याला. तेजाबाचं काम मी नवे कॅनव्हासचे बूट घालून केलं. संध्याकाळपर्यंत नाड्या तेवढ्या शिल्लक राहिल्या. सुमन म्हणाली, "तुम्ही आता हळद लावून बसा. मामांना बोलावते. कुठे पोकळ आहे ते तरी कळेल."

एरवी मामा न बोलावता आले असते. या खेपेला त्यांनी आढेवेढे घेतले. "पोकळ शोधायला मीच कशाला? हल्केला कान नाहीत?" त्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. मामी गेल्यापासून ते एकटे राहत. मी बोलवायला गेलो तेव्हा पाहिलं, त्यांनी खाट चार विटांवर चढवली होती, आणि ती खोलीच्या मधोमध होती, एकाही भिंतीला न टेकता. मी म्हटलं, "मुंग्या झाल्या का हो?" ते म्हणाले, "मुंग्याच म्हण." आणि एकदम उठले. "चल, जावईबापू. बघून टाकू काय ते."

मे महिना होता. बाहेर लू सुटलेली, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. मामा हल्केची हातोडी आणि खडू घेऊन उकिडवे बसून सरकत होते. ठोका, मान तिरकी, ठोका. घट्ट जमीन "टक्" म्हणायची, सुटलेली "ढब्". पुढच्या खोलीत त्यांनी एक-दोन वर्तुळं काढली. माजघरात भिंतीलगत एक काढलं, थाळीएवढं. जेवण झालं. जेवणानंतर त्यांनी जाता जाता त्याच वर्तुळात पुन्हा ठोकलं. टक्. ते थबकले. हातभर पलीकडे ठोकलं. ढब्.

मी म्हटलं, "मामा, खडू घसरला वाटतं!" मी हसलो. सुमन हसली. ते हसले नाहीत. त्यांनी दुसरं वर्तुळ काढलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही वर्तुळं घट्ट होती आणि पोकळ त्याच्याही पुढे. असं करत करत माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वर्तुळांची एक ओळ झाली, जसं कोणी ओल्या पायांनी चालत गेलंय. मला स्वतःला टक् आणि ढब् यांतला फरक कधीच नीट कळला नाही. सुमन म्हणते, तिने हाक मारली तरी मला कळत नाही. पण एका दुपारी मामांनी माझं मनगट पकडून तळहात शेवटच्या वर्तुळावर दाबून धरला. हातोडी बाजूला पडलेली. "काय लागतंय?"

जमीन बारीक थरथरत होती.

"मालगाडी," मी म्हटलं.

"मालगाडी मघाशीच गेली," मामा म्हणाले.

नेमका त्याच आठवड्यात विनू आला. हा मामांचा मुलगा, नागपूरला नोकरीला. खाट विटांवर पाहून त्याने कपाळाला हात लावला, आणि आमच्याकडची ओळ पाहून खालीच बसला. चहा पिता पिता त्याने सरळ विषय काढला. "बाबा, आता पुरे. तुमचा कान गेलाय, आणि तुम्हाला नसलेलं ऐकू यायला लागलंय. एकटं नाही ठेवणार मी तुम्हाला. नागपूरला चला." मामांना झाशी सोडायची नाही हे सगळ्या नगऱ्याला ठाऊक होतं. जन्म इथे, नोकरी इथे, मामी इथेच गेल्या. मी मामांची बाजू घ्यायला सरसावलो. "विनू, तुझ्या बाबांसारखा कान अख्ख्या रेल्वेत नव्हता!" विनू म्हणाला, "मग फोडू या. शेवटच्या वर्तुळात फोडा. पोकळ निघालं तर बाबा इथे राहतील, मी तोंड उघडणार नाही. घट्ट निघालं तर माझ्याबरोबर येतील."

मला वाटलं मामा उसळतील. ते लगेच म्हणाले, "मंजूर. आत्ताच फोडा."

हल्केने टाकी लावली, घण मारला. मी देवाजवळ उभा राहून मामांसाठी प्रार्थना केली. माझ्या जमिनीसाठीही केली, लपवत नाही. तिसऱ्या घावाला काँक्रीटचा तुकडा आत पडला. आत पडला म्हणजे खरंच आत पडला. खालून आवाज आला. हल्के वाकून बघू लागला. खाली हातभर खोल पोकळी होती, आणि ती खड्ड्यासारखी नव्हती, नळीसारखी लांब गेलेली होती. तिच्या कडा गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत.

"घूस आय, बाबूजी," हल्के म्हणाला. "घूसन ने पोलो कर दओ."

"घुशीचा वास कुठाय?" मामांनी विचारलं. वास नव्हता. उकरलेली माती नव्हती, लेंड्या नव्हत्या. मी हात घातला. बाहेर लू सुटलेली असताना माझ्या मनगटावरून गार वारा गेला, आणि थांबून पुन्हा गेला. मी हात काढला तो जरा घाईनेच. हल्केने लांब सळई आत सरकवली, ती पूर्ण गेली तरी टेकली नाही.

"कुठल्या बाजूला जातंय?" मामा.

हल्केने भिंतीकडे बोट केलं. "उते. आपके घरै तरफ, मामाजी."

आणि इथे मी आयुष्यातला सर्वांत मोठा गाढवपणा केला. मी टाळ्या वाजवल्या. "मामा, जिंकलात! कान शाबूत!" विनूचा चेहरा पडला, मी त्याला डोळा मारला, आणि तसाच अनवाणी पळत जाऊन कोपऱ्यावरून पेढे घेऊन आलो. हल्केला दिला, विनूच्या तोंडात कोंबला, मामांपुढे पुडा धरला. मामा उघड्या खळगीच्या कडेला बसलेले. त्यांनी पेढा घेतला नाही.

"विनू," ते म्हणाले, "माझंही तिकीट काढ."

विनू गडबडला. "अहो बाबा, तुम्ही बरोबर निघालात! राहा तुम्ही, मी शब्द दिलाय."

"होळीपासून माझ्या खोलीत जमीन सरकते आहे," मामा म्हणाले. अगदी हळू, घरच्या मराठीत. "या भिंतीपाशी ठोकलं तर त्या भिंतीपाशी ढब्. खाट हलवली की पोकळीही हलते. मी म्हटलं, म्हातारपण आहे, कान गेला. कान सगळ्यांचेच जातात, त्याचं काय एवढं? इथे आलो ते कान गेल्याची खात्री करून घ्यायला. वाटलं होतं, हल्के फोडेल, घट्ट निघेल, आणि मी सुटेन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. "तू आरडाओरडा केलास, बेटा. पण मला नापास व्हायचं होतं."

माझ्या हातातला पुडा किती जड झाला ते मी सांगू शकत नाही.

हल्केने पोकळी भरायला घेतली. विटांचे तुकडे, खडी, काँक्रीट. घमेल्यामागून घमेली जात राहिली. "जित्तो डारो, उत्तो चलो जात," तो पुटपुटला, आणि त्यानंतर त्याने गाणं म्हणायचं सोडून दिलं. शेवटी भरली, किंवा वरून तरी भरल्यासारखी दिसली. मग टाचे, धुणं, सिमेंटचा घोळ, काचेच्या पट्ट्या आणि चिप्स. जमीन हेडक्लार्कांच्यापेक्षा सरस झाली. मामा ती बघायला आले नाहीत.

स्टेशनवर त्यांना पोचवायला मी गेलो. विनूने म्हाताऱ्या वडिलांसाठी खालचा बर्थ घेतला होता. मामा धडपडत वरच्या बर्थवर चढले आणि तिथेच चादर ओढून बसले. विनू आणि मी खालून हात जोडत होतो, "मामा, पडाल हो, खाली या." ते म्हणाले, "खाली नको." गाडी हलली तेव्हा खिडकीत विनू दिसत होता. मामा दिसले नाहीत.

पुढे ऑफिसच्या कामाने नागपूरला गेलो तेव्हा त्यांना भेटलो. विनूचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. मामा गुटगुटीत झालेले, गालांवर रंग आलेला. "झोप लागते," त्यांनी आपण होऊन सांगितलं. "आमच्या खाली पोस्टातले एक गृहस्थ राहतात. बायको, दोन मुली. त्यांच्या खाली एक मास्तरीणबाई. सगळ्यांची नावं मला माहीत आहेत. जिन्यात भेटतात, नमस्कार करतात." मग म्हणाले, "खाली कोण आहे हे ठाऊक असलं की बरं असतं."

निघताना मी धीर करून विचारलं, "मामा, माझ्या जमिनीचं काय?"

त्यांनी सुमनसाठी दिलेली संत्र्यांची पिशवी माझ्या हातात नीट अडकवली. निकाल द्यायचा असला की ते ज्या भाषेत बोलायचे त्याच भाषेत म्हणाले, "ऊपर एक कमरा बनवा लो, भैया."

त्यानंतरच्या थंडीत मामा गेले, तिसऱ्या मजल्यावर, झोपेत.

मी वर खोली बांधली. झाशीच्या उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापते. भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पाहुणे येतात, खालच्या चिप्सवर अनवाणी उभे राहतात, "वाह, कितनी ठंडी है!" म्हणतात, आणि विचारतात की एवढी गार जमीन सोडून तुम्ही त्या भट्टीत का झोपता. मी सांगतो, वर हवा लागते. सुमन तोवर माझ्या आधी वर गेलेली असते.