अणू आधी कोणाला सुचला

नोटा रद्द झाल्या त्या हिवाळ्यात डहाणूला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं. दरवर्षीप्रमाणे सात ज्वालामुखी हजर होते. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग आणि फस्स! परीक्षक दचकल्याचं नाटक करतात, पालक टाळ्या वाजवतात. देवानं पालघर जिल्ह्याला ज्वालामुखी दिला नाही, ती उणीव भरून काढायचा विडाच आमच्या शाळांनी उचललाय.

मी कासाजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मी ज्वालामुखी नाही करणार." मला तिचा पापाच घ्यावासा वाटला. तिनं अणूच्या कल्पनेचा इतिहास घेतला. पहिला नंबर आला तर दोन दिवस जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचं, पालघरला. डहाणूच्या पुढं ती कधी गेलीच नव्हती. महिनाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

तिनं एक बंद खोका केला. वरच्या भोकातून उन्हाची तिरीप आत यायची आणि तिच्यात धुळीचे कण नाचताना दिसायचे. "आपल्याकडच्या एका ऋषीनं सांगितलं, याहूनही बारीक कण असतात आणि शेवटच्या कणाचे तुकडे होत नाहीत," ती सांगायची. "ग्रीसमध्येही एकाला तेच सुचलं. प्रयोग कोणीच केला नाही. मग तिथलाच एक बडा विद्वान म्हणाला, अणूबिणू काही नसतं, सगळं माती, पाणी, हवा आणि आग. तो बडा, म्हणून दोन हजार वर्षं लोकांनी माना डोलावल्या. शेवटी इंग्लंडमधल्या एका मास्तरानं एका पदार्थाच्या किती वजनाशी दुसऱ्याचं किती वजन जुळतं त्याचा हिशेब मांडला, तेव्हा अणूच्या बाजूनं काही पुरावा मिळाला." 'मास्तरानं' हा शब्द ती माझ्याकडे बघत जरा जोरात म्हणायची आणि मी फुगायचे.

आणि मुख्य परीक्षक कोण? तर चिखल्याकडचे एक चिकूबागायतदार शेठ! विज्ञानाशी त्यांचा संबंध एवढाच, की मंडप त्यांनी दिला होता. खोक्यात त्यांनी डोकावलंसुद्धा नाही. हातात माईक, मागे फोटोवाला.

"अणू आधी कोणाला सुचला? आपल्याला की ग्रीकांना?"

"नक्की माहीत नाही, शेठ. दोघांचाही अंदाजच होता."

झालं. शेठ चिडले. "अंदाज? अगं, आपल्या ऋषींना सगळं आधीच ठाऊक होतं! आणि राहणी किती साधी! कापणी झालेल्या शेतात पडलेले दाणे वेचायचे, तेवढंच खायचं आणि चिंतन करायचं. आज आहे कोणाची तयारी?"

"माझी आई वेचते ना," ती पटकन म्हणाली. "आमच्या शाळेमागं तुमचं भाताचं शेत आहे, तिथं. यंदा तुमच्या राखणदारानं तिला हाकललं. ऋषींना कोणी हाकलत नव्हतं का?"

माईक चालू होता. सगळ्या मंडपानं ऐकलं. मी खरं तर शिट्टी मारायला हवी होती. मी काय केलं? तिचा दंड धरला आणि म्हणाले, "माफ करा हं शेठ, लहान आहे." अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिला नंबर एका ज्वालामुखीला दिला. "मुलगी हुशार आहे, पण अंगी नम्रता हवी," असं शेठ म्हणाले आणि बाकीचे दोन परीक्षक, दोघंही विज्ञानाचे पदवीधर, "हो हो" म्हणाले. निकाल कागदावर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. मी मुकाट्यानं लिहिला. तो कागद मंडपाच्या खांबाला चिकटवला.

तिनं तो दोनदा वाचला.

"बाई, माझं उत्तर चुकलं का?"

"नाही गं. एक शब्दही चुकला नाही."

"मग तुम्ही असं का लिहिलंत? हे अक्षर तुमचंच आहे."

मी म्हणाले, "चल लवकर, कासाची जीप सुटेल."