पप्पांचा गेम

माझ्या बापाला मोबाईल गेमचं व्यसन होतं.

लोक पोरांबद्दल असं सांगतात. आमच्याकडं उलटं होतं. पप्पा तेव्हा बावन्न वर्षांचे.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

ही गोष्ट लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षाची. पप्पा एका सरकारी ऑफिसात क्लार्क. टँकरच्या याद्या त्यांच्या टेबलावर.
टँकर कुठं जाणार हे साहेब ठरवायचे. शिव्या पप्पा खायचे.

आम्ही मूळचे उदगीरकडचे. "उदगीर जिल्हा झाला की तिकडं बदली मागतो," असं ते दरवर्षी म्हणायचे.
जिल्हा झाला नाही. टेबल सुटलं नाही.

घरी आले की चहा, आणि मग मोबाईल. एकसारखी फळं जुळवायचा गेम. कानात इअरफोन. सहाशेच्या वर लेव्हल गेलेली.
आईनं काही विचारलं तर फक्त "हूं."

मी तेव्हा नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले, तेव्हाचा एक रविवार.

दुपारी टँकर येऊन गेला होता. मी झेरॉक्स काढायला चौकात गेले होते. आई एकटीच बादल्या गच्चीवर नेत होती.

परत आले तर आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली. साडी भिजलेली. डावा हात उजव्या हातात धरलेला.

"कधी पडलीस?"
"झाला असंल अर्धा तास. ह्यांना हाका मारायलेय. ऐकूच येईना त्यांना."

मी आत गेले. पप्पा पलंगावर. कानात इअरफोन.
मला बघून हसले. "आलीस?"

ते हसणं मी अजून विसरले नाही.

"आई पडलीय," मी म्हणाले. ते अनवाणी धावले.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून दवाखान्यातून बाहेर पडलो, तेव्हा रस्त्यातच मी त्यांना म्हणाले,
"तुमच्यापेक्षा दारुडा बाप परवडला. त्याला निदान लाज तरी असते."

आई म्हणाली, "गप गं."
 ऑटोत बसल्यावर पप्पांनी खिशातून मोबाईल काढला आणि आमच्यासमोर गेम डिलीट केला.

मला वाटलं, मी जिंकले.

होस्टेलवर सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटले, गेममुळं घरं बरबाद होतात. आमच्याच घराचं उदाहरण द्यायचे. बोलायला जोर यायचा.

पप्पांशी बोलणं मात्र बंद केलं. फोन आला तर "आईला द्या" एवढंच.

दोन महिन्यांनी आईचा फोन.
"माय, तो गेम परत टाकून दे त्यांना."
"डोकं फिरलंय का तुझं? हात मोडला ना तुझा?"
"हात माझा हाय ना? मग मी सांगायलेय. माणूस आल्यापासून भिंतीकडं बघत बसतोय. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. गेम खेळताना निदान मधीच हसायचे."

मी नाही म्हणाले. तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही म्हणाले. असं दिवाळीपर्यंत चाललं.

दिवाळीत घरी गेले आणि स्वतः पाहिलं.
पप्पा ऑफिसातून आले. पलंगावर बसले. पायातले मोजेसुद्धा काढले नाहीत. समोर भिंत. चहा गार झाला.

मीच बोलले शेवटी. "काय झालंय, पप्पा?"

ते मोजे काढायला लागले. मग म्हणाले,
"उन्हाळ्यात एक बाई आली होती ऑफिसात. रिकामी घागर टेबलावर ठेवली. म्हणली, साहेब, ह्याच्यात तुमचा सही-शिक्का भरून द्या."
"मग?"
"मग काय. तिचं खरंच होतं की. असे रोज पन्नास जण यायचे. सगळ्यांचं खरंच."

भिंतीकडं बघत म्हणाले, "गेममधी कुणी शिव्या देत न्हाई गं. तीन फळं जुळली की काम होतंय. तेवढंच."

पाऊस त्या वर्षी चांगला झाला होता. टेबलावरची गर्दी गेली होती. पण पप्पांच्या डोक्यातली गेली नव्हती.

मी त्यांचा मोबाईल घेतला. गेम परत टाकला. जुनं सगळं पुसलं गेलं होतं.
"पहिल्या लेव्हलपासून खेळावं लागंल."
"चालतंय."

आईनं एकच अट घातली. "इअरफोन न्हाई. आवाज चालू ठेवायचा. तुम्ही घरात हाय, हे मला कळलं पाह्यजे."

मग आमच्या घरात रोज संध्याकाळी तो टुंग टुंग आवाज. आईला त्याचा वैताग यायचा. पण बंद करा म्हणाली नाही.

सगळं ठीक झालं, असं नाही. कधी कधी दूध उतू जायचं आणि पप्पा शेजारी बसलेले असायचे. आईच्या मनगटाला पीळ बसत नाही, ओले कपडे पिळायला अजून कुणीतरी लागतं.
दोन्ही खरं आहे. ह्याच गेमपायी आई अर्धा तास पायरीवर बसली. आणि ह्याच गेमनं पप्पांना काही वर्षं तगवलं.

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, मुलांना गेम द्यावा का? पूर्वी माझ्याकडं पाठ उत्तर होतं. आता म्हणते, आधी पोराच्या शेजारी जाऊन बस. कशापासून पळतोय ते बघ.
त्यापुढचं मला माहीत नाही. आणि वाद घालायची ताकद राहिली नाही.

गेल्या वर्षी पप्पांना हार्टचा त्रास झाला, तेव्हा नांदेडला माझ्याकडं आणलं होतं. दवाखान्यात दुपारी आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "पप्पा, त्या दिवशी रस्त्यात मी जे बोलले..."

त्यांनी हात वर केला. "बोललीस ते बरं केलंस. आई एकटी पडली होती. तिच्याकडून कुणीतरी बोलायला पाह्यजे होतं."

मग डोळे मिटले. "झोपू दे जरा. दमलो, माय."

दोन दिवसांनी गेले.

आज सकाळी पप्पांच्या स्मृतीसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं आली, गेली. आई आत आडवी झालीय. मी हे लिहीत बसलेय.

पप्पा, तुम्ही व्यसनी नव्हता. दमलेले होता.
आम्हाला दोन्ही सारखंच दिसलं.

झोपा आता. कुणी उठवणार नाही.

जयभीम, पप्पा.