शून्यावर आणायचं राहिलेलं यंत्र

यंत्र शून्यावर आणायचं मी विसरलो, एवढंच झालं. पण तेवढ्यापायी बायकोचं येणं तीन महिने लांबलं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी आकडेमोड करायला होतो. मेजावर हातानं फिरवायचं गणिती यंत्र. हँडल पुढे फिरवलं की बेरीज, मागे फिरवलं की वजाबाकी. गुणाकार म्हणजे तेच पुन्हा पुन्हा पुढे. भागाकार म्हणजे मागे, मागे, घंटी वाजेपर्यंत. वाजली की एक फेरा पुढे. खडखडाटाचा इतरांना त्रास नको म्हणून मला कोपऱ्यातली खोली दिलेली. दिवसभरात आपण होऊन माझ्याशी बोलणारी ती एक घंटीच.

राहायला उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली बराक, त्यात गोणपाटाच्या आडोशामागची अर्धी खोली. पलीकडे सिंधी कुटुंब. त्यांचं हसू कळायचं, कशाला हसले ते कळायचं नाही. बायको पेणजवळ, आमच्या गावी. नोकरीत कायम झालो की कारखान्याची खोली मिळणार, मग ती येणार, असं ठरलेलं.

त्या दिवशी तिचं पत्र खिशात होतं. ‘दोन पातेली बांधून ठेवली आहेत,’ एवढंच मला त्यातलं दिसत होतं. त्या नादात मी एका दांड्याची लांबी काढली. आधीच्या गणिताचं उत्तर यंत्रात तसंच होतं. नवं त्यात जाऊन मिळालं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दारात. “काय साहेब, हा दांडा मशिनीला लावायचा का लग्नाच्या मांडवाला?”

सगळे हसले. एकटा पडू नये म्हणून मीही हसलो. मग वरच्या साहेबांनी बोलावलं. “कायम करायचं तीन महिन्यांनी बघू.”

बायकोला मी लिहिलं, ‘काम फार आहे, इतक्यात येऊ नकोस.’ आणि एकाच पातेल्यात जेवत राहिलो: तळाशी कालची खिचडी, वर आजचा भात. विसळायचं कोणासाठी?

अखेर खोली मिळाली, ती आली. आल्या आल्या पातेल्याचा तळ खरवडायला बसली. तेव्हा मी खरं काय ते सांगून टाकलं.

“अहो, पातेलंसुद्धा न विसळणाऱ्या माणसाच्या हाती त्यांनी यंत्र दिलंच कसं?” ती म्हणाली. मग खरवडायची थांबली. “मी तीन महिने रुसून बसले होते. चुकलो म्हणून लिहिलं असतंत, तर निदान वाट तरी पाहिली असती.”