घोट्याइतक्या पाण्याचा समुद्र

हसा, हसा! कुणी चिखलात पडला, कुणी भलत्याच लग्नात जेवून आला, ह्या काय फजित्या झाल्या? माझी ऐकाल तर हातातला चहा खाली ठेवाल. मी एका आख्ख्या गावाचं पाणी तोडलं होतं. आणि गाव कुठलं? माझी सासुरवाडी!

बहात्तर संपून त्र्याहत्तर लागलं होतं. तो दुष्काळ तुम्हाला वेगळा सांगायला नको. नगरला कापडबाजारातल्या एका बोळात माझा फोटो स्टुडिओ होता. धंदा म्हणजे काय, तर मुली दाखवायचे फोटो, नोकरीच्या अर्जाचे फोटो, आणि कुणी वारलं की जुन्या ग्रुपफोटोतून त्याचं डोकं मोठं करून द्यायचं. पण मी स्वतःला कलावंत समजायचो हो! तेवढ्यात पुण्याच्या एका फोटोक्लबाची स्पर्धा निघाली. विषय, निसर्ग. झालं, आमच्या अंगात आलं.

आता त्या साली आपल्या जिल्ह्यात निसर्ग शोधायचा कुठं? झाडं वाळलेली, जनावरं छावणीत, माणसं खडी फोडायला गेलेली. आमची कुसुम म्हणाली, "आमच्या गावच्या तळ्यात अजून थोडं पाणी आहे म्हणे. त्या निमित्तानं आईला तरी भेटून या."

सासुरवाडी पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं तंगडतोड. जाऊन बघतो तर तळं कसलं, तळाशी ह्या आपल्या बैठकीच्या खोलीएवढं गढूळ पाणी उरलेलं. खोली विचाराल, तर घोटा बुडेल इतकी. ते कुणी पीत नव्हतं. प्यायला सरकारी टँकर यायचा, आणि त्या टँकरवर गाव जगत होतं. तळ्यात बायका नुसत्या धुणं धुवायच्या.

सासूबाई, त्यांना मी मामी म्हणतो, त्याच पाण्यात उभ्या राहून वाकळ धूत होत्या. कॅमेरा दिसल्याबरोबर त्यांनी डोईवरचा पदर सारखा केला.

"पाव्हनं, आशीच हुबी ऱ्हाऊ का?"

"मामी, तुम्ही जरा बाजूलाच व्हा."

"का वो? जावई फोटूवाला, आन माजा येक बी फोटू न्हाई."

"नंतर काढू ना! हा निसर्गाचा फोटो आहे. ह्यात माणूस नको."

"मंग आमी कशात येतो?"

असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला कलावंताला सवड असते का? मी सगळ्या बायकांना हाकललं. धुणं उचलायला लावलं. एक म्हातारी हळूहळू निघाली, तर तिच्या अंगावर खेकसलो सुद्धा! मग पालथा पडलो चिखलात. कॅमेरा अगदी पाण्याला टेकवला. आता तुम्हाला यातली मेख सांगतो. कॅमेरा खाली नेला की पाणी पसरतं. आणि शेजारी माणूस नाही, बकरू नाही, हंडा नाही, म्हणजे ते पाणी केवढं हे बघणाऱ्याला कळायची सोयच उरत नाही. वर ढग नसलेलं आभाळ, मागं डोंगर, त्याची पाण्यात पडलेली उलटी सावली. अहाहा! त्या डबक्याचा मी समुद्र केला.

निघताना सासरे म्हणाले, "आपल्या गावाचं नाव तेवढं येऊ द्या पेपरात." मी फोटोच्या पाठीमागं गावाचं नाव ठळक घातलं. कौतुक हो, दुसरं काय!

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. एका साप्ताहिकानं तो पानभर छापला आणि संपादकानं आपल्या पदरचं शीर्षक दिलं, 'दुष्काळातही तुडुंब!' खाली गावाचं नाव, शेजारी माझं. मी आख्ख्या बाजारात पेढे वाटले.

गावातही आनंदीआनंद! गावाचं नाव पहिल्यांदाच पेपरात आलेलं. सरपंचांनी ते पान चौकटीत बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी मिरवत नेऊन तालुक्याच्या टँकरवाल्या साहेबापुढं ठेवलं.

साहेबानं चष्मा लावून पाहिलं. "अरे वा! एवढं पाणी असताना टँकर खाताय होय रे?"

झालं! टँकर बंद.

हे मला कधी कळलं? सरपंच स्टुडिओच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा. माणूस रागावला असता तर बरं होतं. ते बिचारे फेटा हातात घेऊन म्हणाले, "पाव्हनं, तुमीच कायतरी करा. बाया डोंगराच्या पल्याड जात्यात पान्याला."

पडद्यामागून कुसुम बाहेर आली. "माझी आई ह्या वयात डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढतीय, आणि तुम्ही इथं बक्षिसाचा कप पुसत बसलाय?" कप खरंच माझ्या हातात होता. तो कुठं लपवावा ते कळेना.

मी म्हटलं, घाबरू नका. फोटोनं घालवलं, फोटोच परत आणील! सरपंचांना सांगितलं, "परवा मी येतो. सगळे रिकामे हंडे घेऊन तळ्यावर जमा. असा फोटो काढतो की साहेबाच्या डोळ्यांत पाणी येईल."

गेलो. आणि काय सांगू, डोक्याला हात लावला! आख्खं गाव नटून बसलेलं. फोटो निघणार म्हटल्यावर का फाटक्यात यायचं? बायकांच्या अंगावर लग्नातली लुगडी, नाकात नथी. पुरुषांना फेटे. हंडे राखेनं घासून असे लखलखीत केलेले की माझ्याच डोळ्यांवर तिरीप यायला लागली. गावात एकच मनगटी घड्याळ, ते सगळ्यांच्या हातांतून फिरत होतं.

मी ओरडलो, "अहो, हा दुष्काळाचा फोटो आहे! साधे कपडे घाला, तोंडं जरा रडवेली करा!"

मामी कमरेवर हात ठेवून पुढं आल्या. "फोटूत रडायचं? आमचा ह्यो येकच फोटू निगनार जल्मात. उंद्या मेलो तर ह्योच भितीला लागंल, ह्यालाच हार पडंल. त्यो काय रडक्या तोंडाला घालायचा व्हय? काडा गुमान!"

काढला. करतो काय? वीस वर्षं दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांची डोकी मोठी करून देणारा मी, मला हे कळायला हवं होतं की नको? पाणी जवळजवळ आटलेलं, तळ भेगाळलेला, आणि त्यावर सगळं गाव दात काढून उभं!

साहेबानं फोटो पाहिला. "ही वरात कुणाची?"

"साहेब, हे दुष्काळग्रस्त."

"हे? ह्यांच्या नथी बघा, भांडी बघा! नाही हो, गाव सुखी दिसतंय." मग जरा घसा खाकरून म्हणाले, "पण पेपरातलं ते तळं मात्र छान टिपलंय तुम्ही. आमच्या मिसेस मागं लागल्यात, एकदा दाखवा म्हणून."

म्हटलं, चला, येऊ द्या! डोळ्यांनी तरी बघतील.

रविवारी जीप आली. साहेब, त्यांच्या बाईसाहेब, पुरीभाजीचा डबा, सतरंजी आणि पाण्याचा भला मोठा थर्मास. बाईसाहेबांनी उतरल्या उतरल्या विचारलं, "तळं कुठंय?"

गाव सगळं त्या थर्मासकडं बघत होतं. मी खाली मान घातली. मामी तेवढ्या उतरून गेल्या आणि वाळक्या चिखलात मधोमध उभ्या राहिल्या.

"ह्ये काय, हितं. तवा मी आशीच हुबी हुते, घोट्याइतक्या पान्यात. पाव्हन्यांनी मला भायेर काडलं, म्हनून तुमास्नी खोल दिसलं."

साहेब गोरेमोरे झाले. बाईसाहेबांनी डबा उघडलाच नाही. जाताना थर्मास मात्र मामींच्या हातात देऊन गेल्या. दोन दिवसांत टँकर सुरू झाला.

इथंच थांबलो असतो तर आज तुमच्याबरोबर मीही हसलो असतो. पण जीपमध्ये बसता बसता साहेब म्हणाले, "काही म्हणा, फोटो लाजवाब आहे! एक मोठा करून द्या. हपिसात लावतो."

अहो, कुणी लाजवाब म्हटलं की मला काही सुचत नाही. आठवडाभर खपून हा एवढा मोठा फोटो केला, शिसवी चौकट घातली, खाली गावाचं नाव घालून वळणदार सही ठोकली, आणि स्वतः नेऊन साहेबांच्या खुर्चीमागं टांगून आलो. कुसुमला सांगितलं नाही. मामींचा एकटीचा फोटो काढायचा होता, तोही तसाच राहिला.

ऐन उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. साहेब गेले, फोटो राहिला. टँकर दोनदा चुकला म्हणून आमचे सरपंच नव्या साहेबांकडं गेले आणि गावाचं नाव सांगितलं. नव्या साहेबांनी मागं वळून भिंतीकडं पाहिलं, फोटोखालचं नाव वाचलं, खुर्ची पुन्हा पुढं फिरवली.

"हे तुमचंच गाव ना?"

"व्हय, सायेब."

"एवढं पाणी आहे, आणि टँकर मागता? आणि ही सही कुणाची?"

सरपंचांनी म्हणे बराच वेळ फेटा चाचपला. मग सांगितलं, "आमच्याच गावचा जावई हाय, सायेब. लेक दिलीया. आता काय करता!"